पोटातला किनारा

तेरेखोलची शेवटची फेरी बांधून घरी आलो
तेव्हा बिंबली माडाच्या आळ्यात आडवी होती.
आठ महिन्यांची. माझ्या गुडघ्याहून
वीतभर उंच, एवढाच घोडा.
मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघायची,
पुढच्या पायाने जमीन उकरायची,
वरचा ओठ मुडपून वाऱ्याला दात दाखवायची.
सुभद्रा म्हणाली, हसते बघा कशी.
हसत नव्हती.

सीझन संपला तसं रिसॉर्टवाल्याने
खुर्च्या विकल्या, छत्र्या विकल्या,
वाळूत रोवलेला लाकडी बारसुद्धा विकला.
हिला गिऱ्हाईक मिळेना.
फोटोपुरती आणलेली; गळ्यात प्लास्टिकच्या चाफ्याची माळ.
"तू ठेव उत्तम, कुत्र्याएवढं तर खाते."
मी ठेवली.
एकतीस वर्षं बोट धक्क्याला लावतो मी,
भरती कुठल्या दगडाला लागली की दोर सैल करायचा
ते मला कळतं.
घोड्याचं पोट कुठून कळणार?

फोनवर डॉक्टर इनासिया म्हणाली,
लोळू देऊ नको, आतड्याला पीळ बसेल.
चालव. मी निघालेच.
मग मी तिला चालवलं,
फेरीबोटीच्याच दोराने, तुळशीपासून विहिरीपर्यंत,
विहिरीपासून तुळशीपर्यंत,
ती गुडघे टेकायची, मी उचलायचो,
एवढ्याशा अंगाला केवढा घाम.

पेडण्याहून स्कूटर आली.
हिरड्या दाबून पाहिल्या. नाडी मोजली.
मग नळी कानात घालून पोटाखाली वाकली ती,
बराच वेळ वाकलेलीच राहिली.
शेवटी नळी माझ्या कानात दिली. ऐक.

मी ऐकलं.
आत लाट येत होती.
बारीक, सुरसुरत वर चढणारी,
आणि खडे ओढत मागे सरणारी.
आमच्या केरीचा किनारा, अख्खा,
त्या नगाऱ्याएवढ्या पोटात.

"वाळू," ती म्हणाली. "गवत कुठे टाकतोस?"
मी हात करून अंगण दाखवलं.

सकाळची लीद, दोनच गोळे, तिने रबरी हातमोज्यात घातली,
पाणी ओतलं, कुस्करली, मोजा खिळ्याला टांगला.
थोड्या वेळाने बोटं भरायला लागली.
आधी मधलं.
मग करंगळी सोडून सगळी.
भिंतीवर माझाच हात टांगलाय असं वाटलं,
गवताचा भारा सोडून
रोज त्या वाळूवर पसरणारा.

नाकपुडीत जाईल अशी नळी तिच्याकडे नव्हती.
माणसांची आणली होती, लहान मुलांची.
त्यातून तेल गेलं, मानेत इंजेक्शन,
आणि तिने कागदावर लिहिलं: इसबगोल, रोज, आठवडाभर.
पालयेचा औषधवाला सहा डबे काढताना म्हणाला,
घरी कुणाला एवढं?
मी म्हटलं, धाकटीला.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या रात्री
आम्ही दोघं पोत्यावर बसलो
एका घोडीच्या शेपटीकडे बघत.
सुभद्राने देवाला नारळ बोलला,
मग जरा विचार करून दोन.
साडेतीनला शेपूट उचलली गेली.
टॉर्च पडता पडता राहिला.
चार गोळे, तेलाने चकाकणारे,
माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाला
आम्ही एवढे ओरडलो नव्हतो.
शेजारचा सावियो उठून दाराशी आला, कोण गेलं?
कोण नाही रे. झालं. तिला झालं!

आठवडाभर मी लीद धुतली.
चाळणीतली वाळू वाळवून
मासळीच्या काट्यावर तोलली. सव्वा शेर.
कुठे टाकू कळेना.
अजून पत्र्याच्या डब्यात आहे.

आता गवत फेरीबोटीच्या जुन्या रबरावर असतं.
ती रबरावरचं सोडून
काठाबाहेर सांडलेली काडी आधी उचलते.
मी काडी हिसकावतो. ती चावते.

संध्याकाळी ती उभी असली की
खाली बसून कान लावतो.
गुडगुड असते, इंजिन थंड होताना असते तशी.
कधी मध्येच लाट ऐकू येते.
श्वास धरून पुन्हा ऐकतो.
बाहेरचीच असते.
बहुतेक.