दाराचं माप

होटगी रस्त्यावरच्या दुकानात दोघी शेजारी शेजारी उभ्या:
लाल स्कूटर, पुढं जाळीची टोपली, दोन आरसे;
आणि काळी खुर्ची, उजव्या हाताशी
लिंबाएवढी मूठ असलेली काडी.
बिराजदार म्हणाले, बसून बघा बाई, बसायला पैसे नाहीत.

मी आधी स्कूटरवर बसले. अर्थातच.
स्कूटरवरचं माणूस कुठंतरी निघालेलं असतं.
आरशात बघून पदर नीट केला,
टोपलीत मनातल्या मनात मेथीची जुडी टाकली,
कन्ना चौकातून वळले,
कारखान्याच्या फाटकाशी मुद्दाम हळू झाले
(बावीस वर्षं टॉवेलांच्या कडा शिवल्या तिथं)
आणि कुणी अरेरे म्हणालं नाही.
म्हणाल्या, नवी घेतली वाटतं? केवढ्याला?

पण ती चालती ठेवायला अंगठा दाबून धरावा लागतो.
सोडला की थांबते.
दुकानापासून रसवंतीपर्यंत गेले,
तेवढ्यात अंगठा आधी थरथरला,
मग माझा राहिलाच नाही.
ह्याच अंगठ्यानं आईशेजारी बसून
विडीचं तोंड दुमडायला शिकले होते, सातव्या वर्षी.
तेव्हा तो हजार मोजायचा.
आता डॉक्टर त्याला मोजतात,
यंदा एवढा, पुढल्या वर्षी बघू.

नर्सय्या बाहेर टपरीपाशी,
बघत नसल्यासारखे बघत.
काय घेऊ विचारलं, तर म्हणाले, नी इष्टम.
आमच्याकडे हिशेब मराठीत होतो,
माघार तेलुगूत.

मग पिशवीतनं पट्टी काढली.
टॉवेलाच्या काठाची, दोन ठिकाणी गाठ मारलेली:
एक गाठ स्वयंपाकघराचं दार, एक मोरीचं.
घरकुलातली दारं आईच्या अंगाच्या मापाची,
आणि आई म्हणजे काडी.
स्कूटर लांबीला बैलाएवढी.
ती अंगणात उभी राहणार,
आणि मी आत पुन्हा भिंतीच्या आधारानं.
खुर्ची मोरीच्या गाठीत बसली.
दोन्हीकडं अर्धा अर्धा बोट उरला.

खुर्ची कुठं निघत नाही. खुर्ची नुसती असते.
तीत बसलं की आजार पण बसतो, पाय सोडून.
म्हणून इतका वेळ तिच्याकडं बघितलं नव्हतं.
काडीला करंगळी लावली.
जागच्या जागी फिरले, पूर्ण:
बिराजदारांचं कॅलेंडर, कुलर, काच,
काचेपलीकडं नर्सय्यांची पाठ, पुन्हा कॅलेंडर.
किती महिन्यांनी मागं वळून बघितलं,
कुणाला हाक न मारता.

हॉर्न तेवढा चिमणीचा.
म्हटलं, त्या लाल बाईचा हॉर्न हिला बसवा.
वॉरंटी जाते बाई.
जाऊ दे म्हटलं. माझी कधीच गेली.

उंबऱ्याला फळी लागेल.
फळी येते नेमकी हौदाच्या झाकणावर.
पाचव्या दिवशी पाणी सुटलं की
फळी उचला, पाईप सोडा, मी आत.
पाण्याच्या दिवशी तसंही
ह्या गावात कोण घर सोडतं?

आई अंगठा उठवायची.
मी सही केली,
पेन दोन बोटांत अडकवून.
अंगठा आपला सोबतीला.

रिक्षात बसल्यावर आठवलं, आरसा.
एक तरी आरसा मागून घ्यायला हवा होता.