गाठ तेवढी सारखी

बस्त्याव सरांनी पहिल्या दिवशी
माझ्या हातात कीबोर्ड दिला नाही, स्क्रूड्रायव्हर दिला.
"काढ गे झाकण. आत काय देव नाय बसलेलो."
चार स्क्रू. पाचवा कधीचाच हरवलेला.
वेंगुर्ल्याचा बंदररस्ता, समोर बर्फाचा कारखाना,
साल एक्क्याण्णव की ब्याण्णव,
खिडकीतून सुंगटांचा वास,
आणि टेबलावर ती उघडी पेटी:
हिरव्या पाटीवर काळ्या खाचा, ओळीने आठ.
तीन भरलेल्या, पाच रिकाम्या.

मी विचारलं, ह्या कोणासाठी?
सर म्हणाले, "जो येयत, तेच्यासाठी."

तेव्हा नाही कळलं. कळलं ते मोचेमाडच्या वेळेवर,
रापण ओढायला उभी राहिले तेव्हा.
आमच्या रापणीला एक मालक नाही.
ज्याने त्याने आपापलं जाळं आणायचं.
गिरपांचं नवं नायलॉन,
केळुसकरांचं ठिगळांचं, रोझीबाईचं तर
नवऱ्यामागे उरलेलं अर्धंच.
तू कसं विणलंस, कोणी विचारत नाही.
आस एका मापाचा हवा,
कडेची गाठ तेवढी सारखी.
मग ते सगळं मिळून समुद्राला वेढा घालतं
आणि दोरीला हात लावील त्याला वाटा.

सोसायटीने आधी एक दुसरं यंत्र घेतलं होतं.
देखणं. कुठे सांधा दिसायचा नाही.
त्याचे स्क्रू फक्त कंपनीच्या माणसाला ओळखायचे.
दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने आत काय केलं
ते कोणाला बघताच आलं नाही.
कंपनीचा माणूस पुण्याहून निघाला
असं तीन वेळा कळलं.
शेवटी तांडेलांनी त्यावर पाण्याचा माठ ठेवला.

आमच्या पेटीलाही मीठ लागलंच.
उघड्या दाराने मीठही येतं, लपवायचं कशाला?
मुंग्या आल्या. पाल आली,
एकदा सहाव्या खाचेत अंडं घालून गेली.
कार्ड जळलं की सर पहाटेची एसटी पकडून
बेळगावहून दुसरं आणत, तैवानचं,
कोणी बनवलं त्याचं नाव नाही.
त्याला वेंगुर्लं ठाऊक नव्हतं, माप ठाऊक होतं.
पिवळे दात खाचेवर धरायचे,
दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं, आणि
टक्.

ज्यांनी ते माप पहिल्यांदा लिहून
उघड्यावर ठेवलं, पुढे धंदा
त्यांच्याच हातून निसटला, म्हणतात.
सर हसायचे.
"बांगडो कोणाच्या तुकड्यात गावलो, ता कोण इचारता?"
मी विचारलं असतं, सर.
मला वाटायचं, कुठेतरी कोणीतरी
रात्री जागत असेल.

काल शिरोड्याहून एक मुलगा आला.
सुपारीच्या पानासारखा पातळ लॅपटॉप.
"काकी, मेमरी वाढवून द्या."
मी उलटा केला, सुलटा केला,
कडेने नख फिरवलं.
झाकण होतं, पण गोंदाने बसवलेलं.
मेमरी पाटीलाच डाख देऊन टाकलेली,
तिच्या शेजारी दुसरीला जागा नाही.
हे ज्याने बनवलं त्याला
कोणी येईल असं वाटलंच नव्हतं,
किंवा वाटलं होतं, म्हणूनच.
नाही होणार, म्हटलं.
एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाला नाही म्हणताना
पहिल्यांदा माझी मान खाली गेली.

सर गेले त्याला पाच वर्षं झाली.
त्यांची पेटी मागच्या फळीवर आहे, झाकणाशिवाय.
दोन खाचा अजून मोकळ्या.
त्यांत बसेल असं आता कुठे कोणी काही बनवत नाही.
सकाळी दुकान उघडल्यावर
जुन्या रंगाच्या ब्रशने
मी त्यांतलं मीठ झाडते.