मोठी शहरं सोडून

सोहारच्या कॉर्निशमागे, दाढीच्या दुकानाला लागून
आमची अडीच टेबलांची ट्रॅव्हल एजन्सी.
अर्धं टेबल प्रिंटरचं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं,
ती ओतून येणं करारात लिहिलेलं नाही,
तरी माझंच.

हमूद अल-शिझावी आला, मुलाला घेऊन.
म्हणाला, अमेरिका. खेळ बघायचे. दहा दिवस.
पण न्यूयॉर्क नको, लॉस एंजेलिस नको.
माझे तिन्ही मेव्हणे जाऊन आले,
तिघांच्या मोबाइलमध्ये एकच फोटो.

मी अमेरिका पाहिलेली नाही.
मला ती माहीत आहे तीन अक्षरांच्या कोडांतून,
किती किलो बॅग, किती तास थांबा,
कुठल्या विमानतळावर टर्मिनल बदलताना
म्हातारी माणसं चुकतात.
तरी खुर्ची पुढे ओढली.

लुईव्हिल, म्हटलं. मे महिन्यात घोडे,
आणि एक कारखाना, जिथे बेसबॉलच्या बॅटी होतात.
बाहेर भुश्याचा वास येत असावा.
किंवा ओमाहा. जूनमध्ये कॉलेजची पोरं जमतात
देशभरातून, बेसबॉलच्या फायनलला.
मुलानं पहिल्यांदाच तोंड उघडलं,
"तिथं समुद्र आहे?"
नाही.
"मग लोक संध्याकाळी कुठे जातात?"
खेळ बघायला, मी म्हटलं.
त्याला ते पटलेलं दिसलं.

नाहीतर ग्रीन बे. डिसेंबरात.
गाव तसं लहान, पण फुटबॉलचा संघ
कुणा शेठचा नाही, लोकांचाच.
शेअरचा कागद फ्रेम करून भिंतीला लावतात,
दमडी मिळत नाही त्यावर.
"आणि बर्फात बसून बघतात?"
बर्फात बसून.
हमूदनं मुलाकडे बघितलं. "वेडे आहेत," म्हणाला,
खूश होऊन.

हे मी कुठून बोलत होतो?
डावा कोपरा मी धरायचो, नऊ वर्षं.
लांजा, राजापूर, खारेपाटण,
बांबूला बांधलेल्या ट्यूबलाइटी,
गुडघ्याला लागलेली माती दुसऱ्या दिवशी ऑफिसात खाजायची.
खारेपाटणला रात्री दोन वाजता हरलो, एका गुणानं.
ज्यांनी हरवलं, त्यांच्याच माजघरात
कुळथाची पिठी आणि भात.
"मांडी घालता येतेय ना?" त्यांच्या कॅप्टनची आई विचारत होती,
पट्टी तिनंच बांधली होती.
मुंबईतही खेळलो एकदा, मोठ्या मैदानावर.
जिंकलो असू. आठवत नाही.

हमूदनं दरपत्रक घडी करून खिशात घातलं.
"शुक्रवारी सहमला ये. असरच्या नमाजानंतर."

पिकअपांचं कडं, मधे वाळू,
आणि समोरासमोर दोन बैल.
वशिंड आमच्यासारखंच, डोळेही.
रक्त नाही, कुणी मरत नाही.
कपाळाला कपाळ लावून ढकलायचं,
ज्यानं पाठ फिरवली तो हरला,
मग दोरखंडवाले धावतात.
हमूदचा बर्क दीड मिनिट टिकला.
मग काहीतरी आठवल्यासारखा वळला
आणि सरळ पिकअपकडे चालू लागला.
लोक हसले. हमूदही.
पोरगं त्याला खजूर भरवत होतं, बिया काढून.

कुणीतरी माझ्या हातात कहव्याचा पेला दिला,
तू कोण, असं न विचारता.
मनात आलं, तिकडे ग्रीन बेमध्ये
असेलच कुणी अडीच टेबलांमागे बसलेला,
ज्यानं ओमान पाहिलेलं नाही,
आणि सांगत असेल एखाद्या गिऱ्हाइकाला,
मस्कत नको हो. सहम बघा.

बर्कच्या मानेवरची वाळू झटकत
हमूदनं विचारलं,
"त्या बर्फवाल्यांचा संघ हरला, की ते काय करतात?"
माहीत नाही, म्हटलं.
घरी जात असतील. जेवत असतील.
कुणाला तरी सोबत नेत असतील.

"मग तेच बुक कर," म्हणाला.
"तीन सीटा. खिडकी याला."
आणि बैलाला मागच्या फळीवर चढवायला
मला दोराचं दुसरं टोक दिलं.