एकास दोन हजार

पेन ड्राइव्ह रुमालात बांधून आणला होता रुझारने.
गाठ सोडली तेव्हा सोबत एक सुकी कोळंबीही
टेबलावर पडली.
"नकाशा आसा आमच्या गावाचा. छापून दे बाय, मोठा."

म्हापशात, बेकरीच्या माथ्यावर आमची खोली.
दोन संगणक, एक जुना प्लॉटर, प्रज्योत, मी.
दुपारी तीनला भट्टी पेटते
आणि फरशी चपलांतूनही कोमट लागते.

फाइल उघडली. अकरा थर.
रस्ते, घरं, विजेचे खांब, पंचायतीची हद्द,
आणि उजव्या कडेने
औषधाच्या बाटलीसारखी निळी नदी.

रुझार आधी चष्म्यातून बघत राहिला, मग चष्म्यावरून.
"हा गाव कुणाचा?"
"तुमचाच. हळदोणे."
"माझी न्हंय समोर असते."

चाळीस वर्षं मानशीच्या फळ्या उचलल्या त्याने,
भरतीला खाली, ओहोटीला वर,
खाजनाकडे पाठ, पाण्याकडे तोंड.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की वर उत्तर असते.

मी नकाशा नव्वद अंशांनी फिरवला.
नदी वर गेली. सगळी अक्षरं आडवी झाली,
ती एकेक उचलून उभी करताना
अर्धा तास गेला.
उत्तरेचा बाण डावीकडे लवंडला होता,
तो तसाच ठेवला.

"खांब काढ."
काढले.
"आणि हा निळा कसला?
अशी न्हंय मी फक्त कॅलेंडरात बघितली."
मग रंगांच्या चौकटीत माउस ओढत बसलो दोघं.
"काळी कर थोडी. एवढी नको.
पेज निवाल्यावर वर साय धरते ना, तशी.
आं... हां. मागे. मागे ये.
राव. हीच."
(तशीही निळी शाई चारच टक्के उरली होती.)

शेतांवर आकडे होते: दोनशे चौदा भागिले तीन,
दोनशे चौदा भागिले चार.
तो बोट ठेवत गेला, मी टाइप करत गेले.
धाकटी पोंय. आवयचं भाट. खेकड्याची मान.
कोरगूट जिथे मिठातही पिकतो तो सुकूरचा वाफा.
एका तुकड्यावर बोट थांबलं.
"हिला?"
"तिकडे बांध फुटला होता. आकडाच राहू दे."

प्लॉटरने ऐन वेळी कागद चावला.
म्हणून चार तुकड्यांत छापला, जोडायचा ठरवला,
प्रत्येक कागदाला बोटभर जास्तीची कड.
प्रज्योतने कटर घेतला,
आणि रुझार जवळजवळ ओरडलाच,
"अरे, ती कड न्हय! तो बांध!"

खरंच, शिवण नेमकी मानशीवरून जात होती.
त्याने खळ मागितली, सेलोटेप नको म्हणाला,
आणि अंगठ्याच्या पेराने
चिखल थापावा तसा सांधा थापत गेला,
इथून तिथवर, पाणी शिरणार नाही असा.

"एकास दोन हजार म्हणजे किती?"
"इथला एक सेंटीमीटर, तिथले वीस मीटर."
त्याने तर्जनी घरावर ठेवली.
घर गेलं. चिंच गेली.
शेजारच्या कोन्सेसांवचं निम्मं अंगणही गेलं.
उचलली, तर सगळं जागेवर.
दोनतीनदा केलं त्याने तसं.
मी दुसरीकडे बघितलं.

"लॅमिनेशन करू?"
"कित्याक? न्हंय प्लास्टिकात घालून काय करू?"
वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला,
तीनशे वीस रुपये सुटे मोजले,
कोळंबी टेबलावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी परवरीच्या बिल्डरचा आराखडा छापला.
रंग बदलायचा राहून गेला होता:
बारा बंगले, बारा हिरवळी,
आणि मधोमध जलतरण तलाव
निवलेल्या पेजेच्या रंगाचा.

तो चिडला, पैसे न देता गेला.
प्रत मी फाडली नाही.