श्रवणचाचणी

वास्कोच्या बाजारामागे, पहिल्या मजल्यावर,
दातांच्या डॉक्टरला लागून आमचा दवाखाना.
बूथ म्हणजे कपाटच एक. आत स्टूल, काचेची चौकट,
भिंतींना भोकाभोकांचा राखाडी पत्रा.
दार लागलं की बरेच जण घाबरतात.
शाणू वेर्लेकर, वय एकाहत्तर, राहणार सडा,
यांनी दार स्वतःच ओढून घेतलं,
रबराची कड दोन बोटांनी चाचपली
आणि बसले, जसं कुणी आपल्याच खाटेवर बसावं.

लाल उजवीकडे, निळा डावीकडे.
शिट्टी ऐकू आली की बटण दाबा, म्हटलं.
त्यांनी दाबलं. मी तर काही वाजवलंच नव्हतं.
पुन्हा दाबलं.
"शिट्टी न्हय गो बाय,
तुझ्या यंत्राचा पंखा. बेअरिंग सुकलंय."

उजव्या कानाची रेघ चार हजारावर
खड्ड्यात गेली.
"तो डिझेलचा. रात्री नळी वर काढायची,
समुद्राला नकळत श्वास घ्यायचा,
इंजिनं धडधडवून बॅटरी भरायची,
मग दिवसभर ती बॅटरी पुरवून खायची. गप्प.
डावा मात्र राखून ठेवलाय."

डावा खरंच पोराचा होता.

मग काचेपलीकडून, माइक चालू आहे हे माहीत असून:
"विकायलाच बांधायचे ते त्या पाणबुड्या.
गोठलेल्या खाडीवर एका छपराखाली पाच सांगाडे,
पोट तेच, रंग तोच, झेंडे तीन.
ज्याचे पैसे जास्त त्याला चांगला कान.
पाट्या सगळ्या परक्या लिपीत,
आम्ही वर कागद डकवले:
उघड. बंद. ह्याला हात लावू नको.
शेजारच्या सांगाड्यावर एक पोरगा होता,
देश सांगत नाही.
दोघांनाही भात मिळत नव्हता, एवढीच दोस्ती.
उस्ताद एकच, म्हातारा, लसणीचा वास मारायचा.
दोघांना एकाच पंपाला कान लावायला सांगायचा.
ह्या वर्गाची खोड ऐका, म्हणायचा,
तिसरा पंप लंगडतो.
ठक ठक, आणि जरा थांबून, ठक.
हे खरेदीपत्रात लिहिलेलं नाही."

मी कागद पालटला. चाचणी संपली होती.
बाहेर एक बाई मुलाला घेऊन ताटकळत होती.

"अकरा वर्षांनी.
कुठे, ते विचारू नको.
तळाला टेकून पडलो होतो,
पंखे बंद, मोजे घालून चालायचं,
चमचासुद्धा फडक्यात गुंडाळलेला.
भोवती कोळंबी चटचटत होती, तव्यात मोहरी तडतडावी तशी.
आणि त्या तडतडीमागे, लांब,
ठक ठक,
आणि जरा थांबून.

आपलाच असेल, म्हणून बोट वर करून विचारलं.
आमचे तिन्ही पंप बंद होते.

कप्तान खांद्याशी येऊन उभा. काय आहे?
मी ऐकत राहिलो.
वाटलं, तिकडेही कुणीतरी कान लावून बसलंय
आणि त्याला आमचं काहीच ऐकू येत नाहीय,
कारण आम्ही जास्त पैसे दिले होते.
वहीत लिहिलं: कोळंबी."

हेडफोन काढून त्यांनी वायरीची नीट गुंडाळी केली,
इतकी नीट आम्ही कधी करत नाही.
अर्जावर 'पूर्वीचा व्यवसाय' कोरा होता.
"लिही, नौदल. स्वयंपाकघर."
मी लिहिलं.
साडेतीनशे रुपये सुटे मोजून दिले,
उजव्या कानाच्या यंत्राला नको म्हणाले,
जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही.

संध्याकाळी पंख्याच्या बेअरिंगला
शिवणयंत्राचं तेल घातलं.
बूथमध्ये शिरून दार ओढून घेतलं.
काही ऐकू आलं नाही.
बराच वेळ.