बाजेची रुंदी

नकाशावर ती एक तुटक रेघ होती.
शेलबारीच्या दक्षिण उतारावर निघायची
आणि माथ्याच्या अलीकडे, अर्ध्या बोटावर, नाहीशी व्हायची.
नेमका तिथंच कागद दुमडत होता.
सटाण्याच्या कचेरीत बावीस वर्षं मोजणीदार असून
त्या घडीत काय आहे, मी कधी पाहिलं नव्हतं.

जुनी बारी पवनचक्कीवाल्यांनी तारेत घेतली तेव्हा
लाडाबाई ठेलारी पायऱ्यांवर येऊन बसली.
म्हणाली, मेंढरं तारेखालून सरकतील साहेब,
घोडी कशी सरकेल?

वैशाखात निघालो. ती, तिचा नातू धुडकू,
आणि रावजी चौरे, ज्यानं हा डोंगर
लहानपणी एकदा ओलांडला होता, कुणाच्या तरी लग्नाला जाताना.
त्याला वाट आठवत नव्हती,
फक्त तहान आठवत होती.

माझ्याकडे नकाशा, होकायंत्र, फोन.
तिच्याकडे हिवराची एक काठी,
घरच्या बाजेच्या रुंदीएवढी तोडलेली.
घोडीवर बाज आडवी बांधतात,
बाजेवर लंगडी कोकरं, कोंबड्या, पीठ,
आणि असलं तर अंगावरचं मूल.
काठी जिथून आडवी जाईल तिथून संसार जाईल.

पहिली घळ कोरड्या धबधब्याखाली संपली.
वर आग्यामोहोळ.
आम्ही न बोलता मागे फिरलो.
दुसऱ्या दिवशी मुरमाची घसरण:
एक पाऊल वर, दोन खाली,
कुसळं पायजम्यातून मांडीपर्यंत.
फोनवर आमचा निळा ठिपका
हिरव्या रंगात उभा होता.
समोर एक सालई, साल सोललेली,
आणि सावली म्हणून फक्त आमचीच.

पाण्याच्या कॅनमध्ये तळ वाजू लागला तेव्हा
रावजी खाली बसला, लेंडी उचलली,
बोटांत चुरली.
‘भेकराची. कालची.’
भेकर पाणी प्यायला जातं, म्हणजे कुठून तरी जातं.
मी ते वहीत लिहून घेतलं, वेळेसकट.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना ती सापडली.
काळ्या कातळाच्या दोन भिंती,
मध्ये आकाशाची चिंधी,
आणि पलीकडून येणारा वारा.
त्या वाऱ्याला शेणाचा वास होता.
धुडकू ओरडत पळत सुटला, पलीकडून पुन्हा ओरडला,
त्याचाच आवाज आमच्याकडे दोनदा आला.

लाडाबाईनं काठी आडवी धरली.
चालत गेली, खालच्या तोंडापासून आत,
हळू, देवीपुढं ताट धरावं तशी.
मधोमध काठी अडली.
चार बोटं.
वर, खाली, तिरकी, सगळी करून पाहिली.
चार बोटं.

मी म्हणालो, बाज उभी बांधा की.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
‘आन त्यावरची कोकरं?’

रावजीनं विडी पेटवली.
मी दगडाचा प्रकार, सुरुंग, अर्ज,
वनखात्याची परवानगी, असं काही बोलत राहिलो.
ती काठी मांडीवर घेऊन बसली होती.
मग कमरेचा कोयता काढला,
चार बोटं मोजली, वर एक बोट जास्तीचं,
आणि घाव घातला.

‘बाज कापता येस,’ ती म्हणाली. ‘डोंगर नही.’

तुकडा तिथंच पडला.
उरलेली काठी आरपार गेली,
कुठंही न लागता.

दिवाळीनंतर नामपूरच्या बाजारात भेटली.
घोडी आता एकटी पुढं होते म्हणाली,
दोरी लागत नाही.
मग विचारलं, कागदावर आली का आमची वाट?
फाइल वर गेलीय, मी म्हणालो.
‘कुठून गेली?’

तिचा नवरा मागे बाजेवर झोपला होता,
एका कुशीवर, अंग चोरून,
एक हात बाहेर लोंबता.
कूस बदलायची झाली की
तो आधी उठून बसायचा.