सरस

रबाळ्याच्या आमच्या शेडमागे
सकाळी सहाला टेम्पो रिता होतो.
दिवाळे गावच्या बाजारातली खवलं,
पर, मणके, घोळीची जाडसर कातडी.
बोत आधीच गेलेलं असतं व्यापाऱ्याकडे,
सोन्याच्या भावानं.
आमच्याकडे येतं ते
मांजरांनीही वास घेऊन सोडलेलं.

चांगुणाबाई निवडायला बसते.
हातमोजे दिलेत, ते तिच्या पिशवीत असतात.
"पूर्वी हे खाडीत टाकायचो," म्हणते,
"आता खाडीच ओकते."

तीन दिवस चुन्याच्या निवळीत.
मग धुणं. पुन्हा धुणं. सामू बघणं.
मग यासीनभाईंचं पातेलं, साठ अंश,
आणि ते स्वतः स्टुलावर,
तान्ह्या पोरापाशी बसावं तसे.
"उकळी आली की मेलं, मॅडम.
चिकाटी जाते त्याची."
चिकटपणा म्हणायचं असतं त्यांना.
मी दुरुस्त करत नाही.

संध्याकाळी जाळ्यांवर वाळतात
मधाच्या रंगाच्या कपच्या.
सरस.
कुणी ठेवलं असेल हे नाव?
चांगल्याहून चांगलं ते सरस
आणि कातडं-हाडं शिजवून मागे राहतं
तेही.

वासाचं काय सांगू.
रिक्षावाला आरशातून दोनदा बघतो.
ऐरोलीत घरमालकीणबाई
मी आले की जिन्यात उदबत्ती लावतात.
बोलत काही नाहीत. भल्या आहेत.

नमुना एकोणीस.
सागाच्या दोन पट्ट्या, मध्ये आमचा थर.
यंत्रानं ओढल्या तेव्हा
लाकूड फाटलं, जोड नाही.
यासीनभाईंनी सगळ्यांना चहा पाजला.
मग त्याच नमुन्याची दुसरी जोडी
रात्रभर बादलीत बुडवून ठेवली.
सकाळी दोन पट्ट्या
दोन कडांना तरंगत होत्या,
न भांडता वेगळ्या झालेल्या.
तुर्भ्याचा प्लायवूडवाला बादलीत बघून
"बघतो, कळवतो" म्हणाला
आणि नाकावरचा रुमाल न काढताच गेला.
मी वहीत लिहिलं : नापास.

पंधरा दिवसांनी कोलबाडहून धाकू मेस्त्री आले.
कुणाकडून तरी ऐकलं म्हणाले.
हातगाडीवर जांभळी नाक्याच्या
एका न्हाव्याची शिसवी खुर्ची,
एक पाय लुळा.
"किटलीत पाणी तापवा."
वाफ सांध्यावर धरली,
घाई नाही, बडबड नाही.
थोड्या वेळानं च्‌ असा आवाज झाला
आणि पाय हातात आला, अख्खा,
कुठे कपरा नाही उडाला.

खाचेत जुन्या सरसाचा पातळ पापुद्रा होता
आणि त्यात उमटलेला एक अंगठा.
पहिल्यांदा ज्यानं जोडली त्याचा.
कागदावर उठवतात तसाच,
फक्त त्यानं तो कागदावर नाही,
कामात उठवला होता.

मेस्त्री बराच वेळ बघत राहिले.
मग त्यांनी तो ओल्या फडक्यानं पुसला.
मी "अहो" म्हणेपर्यंत पुसून झाला.
"नवा लागायचा तर जुना काढायलाच लागतो, बाई."

"तुमचा तो पांढरा गोंद," ते म्हणाले,
"लाकूड मोडेल पण सुटायचा नाही.
उद्या ही परत दुखली तर उघडणार कशी?
घट्ट निराळं. हट्ट निराळा."

एक कपची उचलून त्यांनी जिभेला लावली.
"मासा."
"हो."
"बरा आहे."
दोन किलो घेतला, पैसे मोजून दिले,
सुटे नव्हते तर
चार रुपये माझ्याकडेच राहिले.

वहीतलं नापास मी खोडलं नाही.
पाण्यात सुटतो, हे खरंच आहे.
फक्त पुढे पेन्सिलीनं लिहिलं :
वाफ दिल्यास उघडतो, लाकडाला इजा नाही.

"काय केलं आपल्या खवल्यांचं?"
चांगुणाबाईनं टोपलीतून मान वर न करता विचारलं.
"न्हाव्याची खुर्ची."
ती इतकी हसली
की मनगटावरची खवलं उडाली.
"म्हणजे गिऱ्हाईक नाक दाबून दाढी करणार!"
"वाळल्यावर वास जातो, बाई."
"तुझा जातो का?" म्हणाली,
आणि पुढची टोपली ओढली.